कवळीतला नंबर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र वेगळी राहिली. मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारले होते, की दातांचे डॉक्टर सगळ्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडात हात घालतात? त्याचे उत्तर मला या केसमुळे ठाऊक झाले. नावे कोणाचीच देणार नाही.

निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे उरली होती आणि मी सहायक निरीक्षक होते. एका मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला शीळफाट्याजवळ रस्त्याच्या कडेला एक म्हातारा जखमी अवस्थेत सापडला. वाहन त्याला उडवून पळून गेले होते. त्याला रुग्णालयात हलवून हवालदारांनी अंगावरच्या वस्तूंची यादी केली: सदरा, लेंगा, तंबाखूची डबी आणि करगोट्याला बांधलेली एक किल्ली. मोबाइल नाही, कागद नाही. माणूस हरवल्याची तक्रार कोणत्याच ठाण्यात नव्हती. चेहरा इतका सुजला होता, की फोटो पाठवून उपयोग नव्हता. बोटाचा ठसा घेतला की आधारवरून नाव मिळते असे तुम्हाला वाटत असेल, पण पोलिसांना ते तसे मिळत नाही.

दुपारी मी वॉर्डात गेले. डोक्याला मार लागल्यामुळे म्हाताऱ्याची वाचा गेली होती. डोळे अर्धवट उघडे होते आणि उजवी मूठ सारखी वळत होती. डावीकडून उजवीकडे, मग परत.

"झटके आहेत का?" मी सिस्टरला विचारले.

"डॉक्टर नाही म्हणाले. पण सकाळपासून हेच चाललंय."

मला यादीतली ती किल्ली आठवली. हवालदारांकडून ती मागून घेतली आणि म्हाताऱ्याच्या मुठीत ठेवली. मूठ तत्काळ थांबली. त्याने किल्ली घट्ट धरली आणि माझ्याकडे पाहिले.

"बाबा, कुलूप लावून आलात का?"

त्याने डोळे मिटून उघडले.

"आत कोणी आहे?"

त्याच्या घशातून नुसता आवाज आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. म्हणजे कुठेतरी, कोणीतरी, त्याच्या कुलपाआड होते. सकाळी सातच्याही आधीपासून. शीळफाट्याच्या चारी दिशांना गोडाऊन, चाळी, नव्या इमारती, खोल्याच खोल्या. मी दोन पथके किल्ली घेऊन पाठवली असती, पण किल्ली एकच होती आणि कुलपे हजारो. तरी किल्ली माझ्याकडे घेतली आणि माणसे पाठवून चौकशी सुरू केली.

खबर मिळाली ती वॉर्डातल्या आयाबाईंकडून. तासाभरात त्यांचा फोन आला. "मॅडम, म्हाताऱ्याची कवळी धुवत होते. गुलाबी भागात आत कायतरी चिठ्ठी हाय. काचेच्या आड असते तशी."

मी भिंग घेऊन पाहिले. कवळीच्या आतल्या बाजूला कागदाची बारीक पट्टी होती, तिच्यावर एक नंबर. ती घेऊन मी नौपाड्यातल्या माझ्या नेहमीच्या दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी कवळी दिव्याखाली उलटसुलट फिरवली.

"हे लॅबचं काम नाही, विद्यार्थ्याचं आहे. इतकं कोण घासत बसतं? आणि नंबर घालायची सक्ती इकडे एकाच कॉलेजात आहे." त्यांनी कॉलेजचे नाव सांगितले. मग कवळी परत हातात घेतली. "एक गंमत आहे पण. पुढच्या दोन दातांत मुद्दाम फट ठेवलीय. विद्यार्थी असं कधी करणार नाही. याचे गुण जातात."

कॉलेजचे कार्यालय तोवर बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी ते उघडायच्या आधी हवालदार आणि मी दारात हजर होतो. हवालदार म्हणाले, "मॅडम, आतापर्यंत दात पाडल्याच्या केसेस केल्या. दातांवरून माणूस शोधायची ही पहिलीच."

कवळी विभागाच्या प्रमुख मॅडम आम्हाला एका लांबलचक खोलीतून आत घेऊन गेल्या. ती खोली मी कधी विसरणार नाही. ओळीने धातूची डोकी बसवलेली, प्रत्येकाला रबराचे गाल आणि खोटे दात. पांढऱ्या कोटातली मुले त्या डोक्यांवर वाकलेली. एक मुलगा त्या निर्जीव डोक्याला अगदी गंभीरपणे सांगत होता, "तोंड उघडा बाबा. दुखणार नाही."

हवालदारांना हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. "माझा नियम आहे. आधी सांगायचं, मग हात लावायचा. इथे सवय लागली तरच पुढे राहते. न बोलता हात लावला तर मी सगळं पहिल्यापासून करायला लावते."

तर धाकटे, पहिला हात असा रबराच्या तोंडात घातला जातो. त्याआधी वर्षभर मुले मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात. खऱ्या माणसाची पाळी फार उशिरा येते. तीही ठरलेली असते: इतके दात काढायचे, इतके भरायचे, इतक्या पूर्ण कवळ्या करायच्या. पेशंट यादीप्रमाणे वाटले जातात आणि कवळीच्या प्रत्येक पायरीवर शिक्षकांची सही लागते. एका कवळीसाठी पेशंटला आठ-दहा खेपा घालाव्या लागतात. तो मध्येच यायचा थांबला, की विद्यार्थ्याचे सगळे काम वाया. हे सर्व मी त्या घाईतही विचारून घेतले. न विचारता राहवेना, आणि नंतर तेच उपयोगी पडले.

रजिस्टरात नंबर लगेच सापडला. डोंबिवलीचे एक गृहस्थ. त्यांचा फोन लागेना, म्हणून आम्ही जीप तिकडे वळवली. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली, तर दार उघडले खुद्द त्याच गृहस्थांनी. धडधाकट होते आणि तोंडात एकही दात नव्हता.

"कवळी? कुठली कवळी?" ते म्हणाले. "एकदाच गेलो हो. मापं घ्यायला तोंडात तो लगदा भरला आणि मला उलटी झाली. त्या पोरीच्या कोटावर. परत कुठल्या तोंडानं जाणार?"

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आणि इथे रोज वरणात पोळी कालवून मी देते."

आम्ही परत जीपमध्ये बसलो. दुपार झाली होती. कुलूप लागून तीस तास उलटले होते आणि आमच्या हातातला एकमेव नंबर खोटा निघाला होता.

आम्ही थेट कॉलेजात परतलो. त्या नंबरच्या कागदावर विद्यार्थी म्हणून जिची सही होती ती मुलगी आता शेवटच्या, इंटर्नशिपच्या वर्षाला होती. मॅडमनी तिला बोलावले. माझा पहिला प्रश्न चुकला. मी कागद पुढे केला आणि विचारले, "हा पेशंट कोण?"

"तेच. नाव लिहिलंय ना," ती म्हणाली. तिची नजर मॅडमकडे होती.

"त्यांना आत्ताच भेटून आले. त्यांच्या तोंडात दात नाहीत."

"मग हरवली असेल कवळी. मला काय माहीत?"

माणूस खोटे बोलायला लागला की त्याला कागद दाखवत राहू नये. तो कागदाशीच चिकटून बसतो. मी मॅडमना बाहेर थांबायची विनंती केली. रुमाल टेबलावर पसरून त्यावर कवळी ठेवली. मुलीने ती पाहिली मात्र, तिचा हात आपोआप पुढे आला. ती तिने उचलली, अंगठा कडेवरून फिरवला.

"ही फट का ठेवलीस?" मी विचारले. "गुण जातात म्हणे."

"गेलेच," ती म्हणाली. "मॅम चिडलेल्या. मी आधी दात सरळ लावलेले, चार वेळा उकलून परत लावलेले. पण बाबा ऐकेनात. म्हणाले, माझ्या दातांत फट होती, तशीच पाहिजे. त्यांची बायको सगळं विसरते ना. तिला लग्नातला नवरा आठवतो फक्त. दात पडल्यापासून ती ह्यांना घरात घेईना. कोण तुम्ही, बाहेर व्हा, म्हणायची." एवढे बोलून ती थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आले.

"बाबा रुग्णालयात आहेत," मी सांगितले. "बोलू शकत नाहीत. काल सकाळपासून किल्ली फिरवावी तशी मूठ वळवतायत."

तिने कवळी रुमालावर ठेवली. "आजी आत आहेत. ते कुलूप लावून येतात, नाहीतर त्या रस्त्यावर जातात. मला दर वेळी म्हणायचे, पोरी, लवकर सोड." मग ती एका दमात सांगू लागली. डोंबिवलीचा पेशंट पळाला, सबमिशन जवळ आलेले. नवा पेशंट नोंदवला असता तर तो यादीतल्या पुढच्या नंबरच्या विद्यार्थ्याकडे गेला असता. म्हणून गेटवर भेटलेल्या या बाबांना तिने नोंदणी न करता जुन्याच कागदावर बसवले होते. "शीळफाट्याच्या पुढे बंद गोडाऊन आहे. बाबा तिथे वॉचमन आहेत, मागे त्यांची खोली आहे. एकदा मी रिक्षाने सोडायला गेलेले. चला, मी दाखवते." दाराशी ती थबकली. "मॅडम, माझी इंटर्नशिप..."

"ते नंतर. चल."

बाहेर विभागप्रमुख उभ्या होत्या. दार पातळ होते, त्यांनी सगळे ऐकले असावे. त्या एवढेच म्हणाल्या, "जा."

गोडाऊनच्या मागे, झुडपांतून पायवाट गेली होती. दार लोखंडी. हवालदारांनी ठोठावले, आतून काही आवाज नाही. मी किल्ली लावली. कुलूप एका फटक्यात उघडले.

आजी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. माठ आडवा पडला होता, पाणी केव्हाच जमिनीत मुरले होते. ओठ फुटले होते. मुलीने पुढे होऊन, आधी सांगून, मग त्यांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. "आजी, पाणी देते हं. थोडंथोडं घ्या." डॉक्टर नंतर म्हणाले की आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होते.

बाबांना उडवणारे वाहन पुढे कॅमेऱ्यांवरून सापडले. ते काम सरळ होते, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

आजींना त्याच रुग्णालयात ठेवले होते. चार दिवसांनी डॉक्टरांच्या परवानगीने त्यांना बाबांच्या खाटेजवळ नेले. मी आणि ती मुलगी तिथे होतो. आजींनी पट्ट्या बांधलेल्या त्या बोळक्या माणसाकडे पाहिले आणि तोंड फिरवले. "हा कोण? मला घरी न्या." बाबांनी डोळे मिटून घेतले.

मुलीने कवळी धुऊन आणली. "बाबा, तोंड उघडा. दुखणार नाही." कवळी बसली. बाबा कष्टाने हसले. आजी बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि खाटेच्या कडेला बसल्या.

मुलीने सगळी हकिकत कॉलेजला लेखी दिली. इंटर्नशिप रद्द झाली नाही, सहा महिने लांबली, आणि मॅडमनी तिला एक संपूर्ण कवळी पहिल्यापासून करायला लावली. पेशंटही त्यांनीच ठरवला: डोंबिवलीचे ते गृहस्थ. दहाच्या दहा खेपांना तिने त्यांना घरून आणले. उलटी फक्त दोनदा झाली, असे ती मला सांगून गेली.

त्या केसनंतर माझी चौकशीची पद्धत बदलली. तोवर मी कागद आधी पाहत असे आणि माणूस नंतर. कागदावर खोटे लिहिणाऱ्या त्या मुलीने हाताने मात्र खोटे काम केले नव्हते, आणि तिला तिच्या कामाबद्दल विचारले तेव्हाच ती खरे बोलली. दुसरे, जो बोलू शकत नाही त्याच्याशी आधी बोलावे, हे मी त्या रबरी डोक्यांच्या खोलीत शिकले.

अहवालात एक रकाना असतो: जखमीची ओळख कोणी पटवली. मी पत्नीचे नाव लिहिले. वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. "अहो, त्या बाईंना स्वतःचं नाव आठवत नाही. त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"काही नाही, सर," मी म्हणाले. "त्यांनी पदर घेतला."

त्यांनी पेन उचलले आणि सही केली.