आवाजात बिघाड नव्हता

पडद्यावर माह्या मायनं हात जोडले, "जयभीम पोरंहो" म्हटलं, अन् केंद्रप्रमुखानं स्पीकरची वायर उपटली.

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले.

सगळे मास्तर हसले. पडद्यावर माय बोलतच होती, नुसतं तोंड हलत होतं तिचं. कोणीतरी म्हणालं, मुकीचा सिनेमा लागला. अजून हसले.

अन् माह्यी खरी माय तठीच दाराशी बसून होती. भुईवर. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आलती, स्वतःले पडद्यावर पाहाले.

महिन्याची शिक्षण परिषद होती, अन् त्या दिवशी माह्या व्हिडिओची पाळी होती. केंद्रातले सगळे मास्तर, मास्तरीणी जमले होते. मी झरी जामणीकडं, कोलामाच्या पोडावरच्या, त्यायच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवते. पोरं घरी कोलामी बोलतात. पुस्तकात कारंजं हाय, बगीचा हाय. पोडावर कोणाच्या बापानं कारंजं पाह्यलं? पोरं तोंडाकडं पाहत राहत. म्हणून म्या मायचे व्हिडिओ काढले. वावरात उभी राहून माय दाखवे, ही कापसाची पऱ्हाटी, हे पातं, हे बोंड, हे किडकं बोंड. बोंडअळीचं साल होतं, किडक्या बोंडायले काय तोटा. पोरायले मराठीतला तोच शब्द सगळ्यात पयले पाठ झाला.

काढणं काही सोपं नव्हतं. वारं असं घोंगावे का मायचा बोल ऐकूच ये ना. मंग शेजारणीचा फोन मागून आणला अन् मायच्या ओटीत, वेचलेल्या कापसात खुपसला. वारं अडलं, आवाज खणखणीत आला. पण आता चित्र एका फोनात अन् आवाज दुसऱ्या फोनात. तोंड आधी हाले, बोल मागून ये. पोरं लोटपोट हसत. जुळवाचं कसं? माय दर खेपेले सुरुवातीले हात जोडून जयभीम म्हणे. म्या सांगतलं नव्हतं, तिची सवयच हाय. हात जुळले का जयभीम तठी बसवाचा. तेवढं बसलं का पुढचं सगळं बरोबर चाले. शाळेचा टीव्ही मोठी फाईल उघडत नव्हता, तर म्या तुकडे करून चालवली. बिघाड काय असते हे मले चांगलं माहीत हाय.

त्या दिवशी बिघाड नव्हता.

चहाच्या सुट्टीत केंद्रप्रमुखानं मले बाजूले बोलावलं. माय त्यायच्याच घरच्या वावरात कापूस वेचाले जात होती. गोड बोलले. उपक्रम चांगला हाय, जिल्ह्यावर पाठवू, फक्त पयलं वाक्य काढा अन् तठी नमस्कार टाका. म्या म्हटलं, सर, आवाज त्याच्यावरच जुळवला हाय.

"तुमच्या लोकांचं सगळं त्याच्यावरच जुळतं," ते म्हणाले.

मंग त्यायची नजर दाराकडं गेली.

"आलीच हाय तं कप धुऊन टाक वं बाई."

माय उठली. पदर खोचला. उष्ट्या कपायचा ट्रे उचलला. पयले मले मायचाच राग आला. काहून उठते? काहून नाही म्हणत नाही? मंग दिसलं, माय माह्याकडंच पाहून राह्यली होती. माह्या नोकरीले भेली होती. पोरीच्या पगारापायी पोरीच्याच बरोबरीच्या लोकायचे उष्टे कप धुवाले निंगाली होती. माह्या आंगाचा तिळपापड झाला.

म्या तिच्या हातातला ट्रे घेतला अन् नेऊन केंद्रप्रमुखापुढं टेबलावर ठेवला. मायले हात धरून पयल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. वायर खोचली. आवाज पुरा वाढवला. व्हिडिओ पयल्यापासून लावला.

"जयभीम पोरंहो."

कोणी हसलं नाही. उलटून जयभीमही कोणी म्हटलं नाही. आमच्यातले दोघं होते तठी, तेही खाली पाहत राह्यले.

केंद्रप्रमुख म्हणाले, हा व्हिडिओ जिल्ह्यावर जाणार नाही.

"नका पाठवू," म्या म्हटलं. "पण बिघाड हाय म्हणू नका. जयभीम ऐकवत नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी माय वावरात गेली तर धुऱ्यावरूनच वापस पाठवली. बाया पुरे झाल्या म्हणे. कापूस फुटून झाडाले लोंबत होता, तरी बाया पुरे झाल्या. मंग दुसऱ्याच्या वावरातूनही बोलावणं येणं बंद झालं. सारा हंगाम माय घरी बसून राह्यली.

आता आमचेच मास्तर मले शहाणपण शिकवतात. एका शब्दापायी मायचं काम घालवलं, आपलं नाव घालवलं. काढाले कितीसा वेळ लागते?

काहीच वेळ लागत नाही. मले काढता येते. मी काढत नाही. नवे व्हिडिओ काढून राह्यली, अन् प्रत्येकात माय आधी जयभीमच म्हणते. ज्याले ऐकाचा नाही त्यानं आपले कान बुजावे. माह्या मायच्या तोंडावर हात ठेवाले आला, तं तो हात मी धरीन.