गाठवाली एल्स्पेट

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टडॅरॉकमध्ये आडनावाचा काडीचा उपयोग नव्हता. बंदरावरच्या साठ घरांपैकी चाळीस घरं काउई. पोस्टमनने "काउई!" म्हणून हाक मारली की अर्धा गाव दारात. म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असे आणि ते बापाकडून पोराकडे, आईकडून लेकीकडे चालत येई. दुकानदाराच्या यादीत तेच, पाद्रीबुवांच्या वहीतही तेच. कुणी ठेवलं ते कधी कळायचं नाही. एकदा चिकटलं की चिकटलं.

एल्स्पेटच्या घराला 'गाठ' म्हणत. तिची आजी जाळी विणायची, आई जाळी विणायची, आणि त्यांनी मारलेली गाठ उत्तर समुद्रालाही सुटली नाही अशी ख्याती. आई गेली तेव्हा एल्स्पेट सव्वीस वर्षांची होती. घरात राहिलं काय, तर विणायची लाकडी सुई आणि ते नाव. तिला दोन्हींचा भारी ताठा होता. असणारच. पोरगी पाठीला बाक येईपर्यंत काम करायची.

गावाच्या फुटबॉल संघाची, रोव्हर्सची, गोलची जाळीही तिचीच. हेरिंग मासळीच्या जुन्या जाळ्यांमधून दुहेरी शिवलेली, कातात उकळून तांबूस केलेली. मैदान इतकं समुद्राला लागून होतं की जोराचा वारा सुटला की कॉर्नरचा झेंडा ओला व्हायचा. आज तिथे गाड्या उभ्या करतात. पण त्या काताचा वास आठवला की अजूनही गावातल्या म्हाताऱ्यांचा जीव कासावीस होतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एकोणीसशे सत्तावन्नच्या फेब्रुवारीत काय घडलं ते गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कपच्या सोडतीत ग्लासगोचा एक बडा संघ आमच्या वाट्याला आला, तोही आमच्याच मैदानावर. आमचा गोलकीपर बेकरीत कामाला, बाकीचे दहा होड्यांवर. त्या हिवाळ्यात हेरिंगने पाठ फिरवली होती, माणसं बंदरावर हात खिशात घालून गप्प उभी राहायची. आणि तरीही एकोणनव्वदाव्या मिनिटापर्यंत ग्लासगोवाले फक्त एका गोलाने पुढे होते!

तेवढ्यात डॉडने, म्हणजे 'बोका' घराण्यातल्या डॉड काउईने, डावीकडून चेंडू हाणला. चेंडू गोलच्या मागे समुद्राकडे गेला. गाव नाचायला लागलं. रेफरीने मान हलवली. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, म्हणाला. सामना संपला. लोकांनी रेफरीच्या खोलीला वेढा घातला आणि तेवढ्यात, अंधारून येत असताना, मैदानातून डॉडची आरोळी आली.

"अरे, इकडे या! जाळ्याला भोक आहे! चेंडू आतूनच गेला, भोकातून गेला!"

भोक होतं खरंच. डोकं जाईल एवढं. निकाल काही बदलला नाही, पण त्या रात्री गावात कुणी हरल्यासारखं झोपलं नाही. आपण हरलो नाही, आपल्याला लुटलं! हरणं वेगळं आणि लुटलं जाणं वेगळं. लुटल्या गेलेल्या माणसाची मान वर असते.

फक्त एक प्रश्न उरला. जाळ्याला भोक राहिलंच कसं?

"कुणी विणलं होतं रे ते?"

"गाठवालीने."

"कसली गाठवाली? भोकवाली म्हण!"

झालं. रविवारी चर्चच्या दारात दोन बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या. रविवारी गावात कुणी सुईलासुद्धा हात लावत नसे, त्यामुळे जाळं तसंच लटकत राहिलं. सोमवारी पहाटे एल्स्पेट एकटी मैदानावर गेली. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. आईच्या नावाला आपण बट्टा लावला, हाच विचार डोक्यात. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

एकही गाठ सुटलेली नव्हती. दोर तुटला असता तर टोकं पिंजली असती. ही टोकं साफ होती. चाकूने कापलेली. आणि शनिवारी सगळे रेफरीच्या दाराशी असताना मैदानात एकटा कोण होता?

ती आधी हसली, मग संतापली. कापलेली टोकं तिने छाटून एप्रनच्या खिशात टाकली आणि तरातरा बंदराकडे निघाली. आज त्या बोक्याची शेपूट साऱ्या गावासमोर पिरगाळायची!

बंदरावर माणसं जमली होती. हेरिंगच्या दोन टोपल्या खांब म्हणून मांडलेल्या आणि मधे डॉड, बटाटा लाथेने मारून दाखवत होता. सँडी म्हातारा, ज्याच्या तोंडून त्या हिवाळ्यात धड दोन शब्द निघाले नव्हते, तो रेफरी होऊन मान हलवत होता आणि लोक पोट धरून हसत होते. डॉडची नजर तिच्याकडे गेली. त्याचं हसू विरलं. एल्स्पेटने सँडीकडे, हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग मागे वळली, घरी गेली आणि टोकं चुलीत टाकली. त्याच दिवशी तिने ते भोकही विणून बुजवलं.

पुढे लग्न झालं, तरी हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. नाव मात्र गेलं. दोन होड्यांनी आपली जाळी दुसरीकडे दिली. तिची मुलगी शाळेत भोकवालीची म्हणून ओळखली जाऊ लागली. एकोणचाळीस वर्षं. लोक प्रेमानेच हाक मारायचे, त्यात वाईट काही नाही असं त्यांना वाटायचं. तिला दर वेळी लागायचं.

आणि मग एडिनबराहून सिनेमावाले आले. रोव्हर्सवर, त्या सामन्यावर सिनेमा! गावच्या मागच्या कुरणावर त्यांनी मैदान उभं केलं, सगळं गाव गर्दी म्हणून उभं केलं, आणि जाळं एल्स्पेटकडून विणून घेतलं. शेवटच्या प्रसंगाच्या सकाळी दिग्दर्शक पोरगी वही घेऊन तिच्यापाशी आली.

"मिसेस काउई, एक विचारायचं होतं. ते भोक नेमकं कसं पडलं होतं? जाळं जुनं झालं होतं का?"

बाजूच्या बाकावर डॉड बसला होता. दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. काठी जमिनीवर टकटक आपटत तो आपल्या बुटांकडे बघत होता.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. एल्स्पेटच्या जिभेवर सगळं आलं.

"जाळं पक्कं होतं," ती म्हणाली. काठीची टकटक थांबली. "पण चेंडूच तसा होता गं. डॉडने मारला होता ना!"

पोरीने लिहून घेतलं. एका कामगाराने भोक पाडायला चाकू काढला, तशी एल्स्पेटने त्याचा हात धरला.

"चाकू नको रे बाबा. कापलेली टोकं साफ दिसतात. या गावातलं कुणीही बघताक्षणी ओळखेल." तिने दगड उचलला, एकेक दोर घासून तोडला आणि टोकं बोटांनी पिंजली.

कामगार गेल्यावर डॉड हळूच म्हणाला, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"सोमवारपासून."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

नटाने चेंडू मारला. चेंडू भोकातून आरपार गेला आणि गावाने अशी आरोळी ठोकली की एल्स्पेटचे डोळे भरून आले. तीही ओरडली, घसा बसेपर्यंत.

नंतर तंबूत सगळे चहा आणि बटरी पावांवर तुटून पडले. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अरे, भोकवालीला चहा मिळाला का?"

डॉड काठीवर जोर देऊन उठला. "गाठ," तो म्हणाला.

"काय म्हणालास, बोक्या?"

"तिच्या घराचं नाव गाठ आहे. गाठवाली एल्स्पेट. ते जाळं पक्कं होतं. त्या दिवशी मीच..."

एल्स्पेटने त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

"बस, डॉड," ती म्हणाली. "एवढं पुरे. पाव दे इकडे."