पाटीचा पांढरा कोट

कारखान्यात त्याला सगळे 'पाटी' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. हा माणूस बोलायचाच भिंतीवरच्या सूचनांच्या पाटीसारखा. "हातमोज्याशिवाय आत येऊ नये. डोळे चोळू नयेत. आत काही खाऊ नये." पिकांवरची औषधं पॅक करणाऱ्या त्या कारखान्यात एकवीस वर्षं तो सुरक्षेचं बघत होता. आपल्या हाताखाली कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, हे दिवसातून दोनदा ऐकवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. ऐकणाऱ्यांचे कान किटले तर किटले!

तिथलं सगळ्यात जहरी औषध म्हणजे कथिलापासून केलेली, बुरशी मारायची भुकटी. पांढरीशुभ्र, मैद्याहून बारीक. श्वासातून जाते, कातडीतून मुरते, डोळे जाळते, आणि पोटातल्या बाळाला इजा करू शकते, असं ड्रमवर बारीक अक्षरांत छापलेलं. ती बारीक अक्षरंसुद्धा पाटी प्रत्येक नव्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. काम संपलं की निळे डगले दाराजवळच्या झाकणाच्या पिंपात टाकायचे, अंघोळ करायची, मगच घरचे कपडे. एकदा एका पॅकिंगवाल्यानं डगला पिशवीत घालून घरी नेला, तर पाटीनं त्याला आठवडाभर कामावर घेतलं नाही. वर सगळ्यांसमोर विचारलं, "बायकापोरांना मारायचं आहे का रे?"

पाटीचा स्वतःचा कोट मात्र पांढरा होता. मालकानं दिलेला, खिशावर लाल धाग्यानं 'सुरक्षा' भरलेला. तो अंगात घालूनच स्वारी रस्त्यानं घरी जायची. कुणी दबकत विचारलंच, तर म्हणायचा, "हा काय कामाचा डगला आहे? मी भुकटीला हात तरी लावतो का?"

हात लावत नव्हता, हे खरं. पण त्याचा एक खेळ होता. नवी माणसं आली की तोंडाला मास्क लावायचा, खोलीतले दिवे मालवायचे, चमच्यानं चिमूटभर भुकटी वरून सोडायची आणि टॉर्चचा झोत टाकायचा. झोतात ती भुकटी धुरासारखी तरंगायची. "बघितलंत? दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका!" लोक माना डोलवायचे. दिवे लागायचे, आणि तरंगणारी भुकटी निवांत खाली उतरून ह्याच्याच अंगावर बसायची. निळ्यावर दिसली असती. पांढऱ्यावर काय कपाळ दिसणार? ही गोष्ट घडली त्या हंगामात तर रोज नवी माणसं येत होती, आणि रोज हा खेळ चालत होता.

घरी बायको नव्हती. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर एकुलत्या एका लेकीला दिवस राहिले. जावई कामासाठी परगावी, म्हणून ती बापाकडे राहायला आली. बापाच्या कोटाचा तिला भारी अभिमान. "लोक बघतात बाबा, कॉलर कशी चकचकीत पाहिजे!" रोज संध्याकाळी मागच्या दारात उभी राहून ती तो कोट चांगला फडाफडा झटकायची, मग बादलीत भिजवून कॉलर हातानं चोळायची. तिच्या बोटांवर पुरळ उठलं. डोकं ठणकायला लागलं. "साबण बदल," पाटी म्हणाला. दुसऱ्यांच्या हातावरचं पुरळ दहा हातांवरून ओळखणारा माणूस हो हा!

पाचव्या महिन्यात, कोट भिजवायला भरलेली बादली उचलली आणि ती तिथंच बसली. दवाखान्यात नेईपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पाटीला बाजूला घेतलं. तिच्या हातांकडे बोट दाखवून विचारलं, "घरात काही औषध, पावडर, फवारणीचं काही?"

"छे हो!" पाटी ताठ होऊन म्हणाला. "मी कामावरचं काहीच घरी आणत नाही."

"नीट आठवा. काही असेल तर सांगा. पुढच्या खेपेला तरी जपता येईल."

तो घरी आला, तर दोरीवर कालचा कोट, अजून न धुतलेला. का कोण जाणे, त्यानं तो न्हाणीघरात नेला, दार लावलं, टॉर्च पेटवली आणि कोटावर एक चापटी मारली. झोतात पांढरा धूर उठला. तरंगत राहिला. तो श्वास रोखून, भिंतीला पाठ लावून बघत राहिला, छाती फुटायची वेळ आली तेव्हा दार उघडून बाहेर पडला.

भुकटीनंच घात केला, असं डॉक्टरीणबाईंनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पण पाटीला शंका उरली नव्हती. दवाखान्यात परत जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं.

गेलाही तो. खोलीच्या दारात पोचला तेव्हा आत जावई आलेला होता. "सात वर्षांनी दिवस राहिले, आणि ही बादल्या उचलते! एवढी कसली वेंधळी? आता माझ्या आईला तू काय तोंड दाखवणार आहेस?" लेक भिंतीकडे तोंड करून म्हणत होती, "चुकलं माझं. उचलायला नको होती."

पाटीनं तोंड उघडलं. जावयानं मागे वळून पाहिलं. "तुम्ही एवढे शिस्तीचे, आणि लेकीला एवढंही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं," पाटी म्हणाला. "ऐकते कुठं!"

दुसऱ्या दिवशी त्यानं कोट पिशवीत घट्ट बांधून कारखान्याच्या विषारी कचऱ्यात टाकला. तसा नियमच होता. चार दिवसांनी लेक घरी आली. संध्याकाळी भिंत धरत मागच्या दाराशी गेली आणि रिकामी दोरी बघून म्हणाली, "बाबा, कोट कुठाय?"

"हरवला."

"तुमच्याकडून?" त्या चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली. "अगं बाई! माझा वेंधळेपणा तुम्हालाही लागला म्हणायचा."