शिडीवरचा आकडा

कतारमधल्या अल खोरच्या मराठी मंडळींत श्याम नेवासकर कुणाच्या फारसा लक्षात राहण्यासारखा माणूस नव्हता. गणपतीत आरतीला मागच्या रांगेत उभा राहायचा, प्रसाद वाटू लागायचा आणि सगळ्यांच्या आधी घरी निघायचा. नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद कतारला मिळालं, जिथे तिथे टॉवर उभे राहू लागले, तसा २०१२ साली तोही आला. मागून बायको आसावरी आणि मुलगी अंतरा आल्या. अँटेनातून बाहेर पडणाऱ्या लहरींचा जोर मोजायचा, हे त्याचं काम. कामगार टॉवरवर चढण्याआधी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचं, हेही त्याच्याकडेच होतं.

ते बोलणं मात्र तो जीव ओतून करायचा. हिंदीत सांगायचा, की अँटेना काही चारी दिशांना सारखं फेकत नाही. उभी दांडी असेल तर सगळा जोर तिच्या कमरेतून आडवा बाहेर पडतो. डोक्याकडे आणि पायाकडे जवळजवळ काही जात नाही. लांब गेलात की जोर भराभर उतरतो, अंतर दुप्पट तर ताकद चौथाई. पण अगदी जवळ हा हिशेब चालत नाही. तिथे शक्ती सगळी पुढे निघून जात नाही, दांडीभोवतीच मागेपुढे हेलकावत राहते, आणि कुठलं लोखंड हाताशी आलं की त्यात शिरते.

बहुतेक जण अर्धं ऐकायचे. पूर्ण ऐकायचा तो शिवराज गुट्टे. अहमदपूरकडचा, आठ वर्षं आखातात टॉवरवर चढलेला, बरवा अल बराहा या कामगार वस्तीत तिघांबरोबर एका खोलीत राहणारा. एकदा त्याने विचारलं होतं, की सर, मग हातातलं लोखंड बी अँटेना व्हतंय का? श्यामला इतका आनंद झाला की तो मराठीत सुटला. लांबीवर आहे, म्हणाला. एफएम रेडिओची लहर साधारण तीन मीटरची. तिच्या निम्म्या लांबीचं सुटं लोखंड असलं की ते ती लहर हमखास पकडतं. त्या दिवसापासून दोघे एकत्र डबा खाऊ लागले.

जानेवारी २०१७. वर्ल्ड कपसाठी बांधल्या जाणाऱ्या स्टेडियमच्या रस्त्यावर एक जुना टॉवर होता, वर एफएमच्या दांड्या लावलेला. त्यांच्याशेजारी मोबाइलच्या नव्या अँटेना टांगायच्या होत्या. माणूस चढण्याआधी एफएमचा जोर उतरवायचा, तो उतरल्याचं श्यामने मीटर धरून बघायचं, असा नियम. पण प्रोजेक्ट मॅनेजर कैवल्य दामलेने त्या सकाळी श्यामला दोह्याच्या ऑफिसात बोलावून घेतलं. मागच्या आठवड्यात मोजलंय ना, मग रोज रोज कशाला, असं त्याचं म्हणणं. तिकडे रेडिओवर कुठल्याशा समारंभाचं थेट प्रक्षेपण चालू होतं, म्हणून जोर उतरवलाच नव्हता. कैवल्यने फोरमनला फोनवर सांगितलं, पॉवर डाउन आहे, यल्ला, चढवा माणसं.

शिवराज वर गेला. सामान ओढायच्या दोरावर लोखंडी तारेचा एक तुकडा अडकवलेला होता, दीडेक मीटरचा. त्याने तो सोडवला आणि हातात धरला. बाहेरून तळहातावर आणि दोन बोटांवर पांढरे ठिपके तेवढे उठले. आतून मांस शिजलं होतं. साठ मीटर तो एका हाताने उतरला.

दोह्याहून परतल्यावर श्यामने खाली पडलेला तारेचा तुकडा बघितला आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कैवल्यने त्याला मीटर घेऊन टॉवरपाशी बोलावलं. तोवर जोर उतरवलेला होता. कैवल्य पुण्याचा मुलगा, श्यामहून दहा वर्षांनी लहान. आवाज चढवणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"शिडीवर मोजा, श्यामराव. फॉर्मवर तेवढंच विचारलंय, माणूस जिथून चढतो तिथलं."

श्याम म्हणाला, शिडी दांड्यांच्या पायाशी आहे, तिथे कधीच काही सापडणार नाही. आणि पॉवरही उतरवलेली. मोजायचं तर पूर्ण पॉवरवर, दांडीशेजारी, तो तुकडा टांगून मोजायला हवं.

"मग काही नाही सापडलं, असं लिहा. मी खोटं कुठे लिहायला सांगतोय?" कैवल्य म्हणाला. मग जरा थांबून त्याने अंतराच्या दहावीची चौकशी केली, आणि तुमचे रेसिडेन्सीचे, राहण्याच्या परवान्याचे पेपर माझ्याच टेबलावर आहेत, इन्शाल्ला या आठवड्यात करून टाकू, असंही सांगितलं.

श्याम शिडीवर चढला. मीटरने सुरक्षित मर्यादेच्या विसाव्या हिश्शाइतका आकडा दाखवला. तो त्याने लिहिला आणि खाली सही केली. अहवालात आलं, की उन्हाने तापलेलं लोखंड हाताळताना कामगाराला चटका बसला. जानेवारीतली सकाळ होती ती, सातची. शिवराज स्वेटर घालून चढला होता.

शिवराजला गावी परत पाठवायचं ठरलं तेव्हा श्याम बरवा अल बराहात गेला. शिवराजने त्याला खाटेवर बसवलं, स्वतः उभा राहिला. उजव्या हाताला बँडेज, दोन बोटं वळत नव्हती.

"सर, तुमी मोजलेला आकडा खरा व्हता का?"

"खरा होता."

"पर तुमाला तर ठावं व्हतं, शिडीवर कायच नसतंय. तुमीच शिकवलंत."

श्यामने होकारार्थी मान हलवली. खोलीतल्या एकाने चहा आणला. तो श्यामने घेतला, आणि शिवराजला कप डाव्या हाताने धरताना बघत बसला.

शिवराज गेल्यावर महिन्याभराने एका शुक्रवारी श्याम कुणाला न सांगता त्याच टॉवरवर चढला. पूर्ण पॉवर चालू होती. लांब फायबरच्या काठीला मीटर बांधून त्याने दांडीशेजारी धरलं. आकडा मीटरच्या पट्टीबाहेर गेला. त्याने पाच पानं लिहिली, आकृत्या काढल्या आणि कैवल्यच्या हातात दिली. कैवल्यने वाचली, छान केलंत म्हणाला, पुढच्या ट्रेनिंगला उपयोग होईल, आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या पानांची एक प्रत श्याम कुठेही पाठवू शकला असता. रेसिडेन्सी तोवर झालेली होती. तरी त्याने ती पाठवली नाही, आणि का नाही, हे आसावरीने विचारलं तेव्हा उठून बाल्कनीत गेला.

२०२२ला सामने झाले. स्टेडियममध्ये हजारो माणसांचे फोन एका वेळी चालले, कुणाचा कॉल तुटला नाही. कंपनीने श्यामला सुरक्षेबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. अंतराने त्याचा फोटो काढून 'प्राउड ऑफ यू, बाबा' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

त्या आठवड्यात त्याने शिवराजचा नंबर लावला. याआधीही दोनदा लावला होता, तेव्हा उचलला गेला नव्हता. या वेळी त्याची बायको संजीवनी बोलली. श्यामने नाव सांगितलं, तशी तिने फोनवर हात ठेवून कुणाला तरी काही विचारलं.

"ते हितंच बसल्यात," ती म्हणाली. "बोलायचं न्हाई म्हनतेत. तुमचं काय काम असंल तर मला सांगा."

श्यामचं काम काही नव्हतं.