तापलं की सूर चढायचा

माझी मावशी विजेवर चालणाऱ्या वाद्यांची डॉक्टर. कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर, माइक, सगळे तिचे पेशंट. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "मला सोल्डरिंगचा धूर पुरे आहे, चुलीचा कशाला?" वयाच्या पन्नाशीपर्यंत ती हेच म्हणत आली होती.

त्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतले गाण्याचे मास्तर त्यांचा जुना सिंथेसायझर घेऊन पुन्हा तिच्या दुकानात आले.

"पहिलं गाणं होईपर्यंत सुरात असतो," ते म्हणाले, "मग हळूहळू वर चढतो. पोरी बिचाऱ्या त्याच्यामागे चढतात आणि सगळ्यांचे गळे फाटायची वेळ येते."

"इथे तर शहाण्यासारखा वाजतोय."

"तुमच्यासमोर साळसूदपणाचा आव आणतो हो!"

मावशीचं दुकान तळघरात, भर दुपारी गार. तिने विचारलं, "तुमची खोली कुठे?"

"सगळ्यात वर. डोक्यावर पत्रा."

"मग पेशंटला घरीच बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केस वाळवायचं यंत्र घेऊन त्यांच्याकडे गेली. सिंथेसायझर उघडून ती एकेका भागावर गरम वारा सोडू लागली. अडचण एकच होती: मावशीचा आणि सुराचा छत्तीसचा आकडा. म्हणून ऐकायचं काम मास्तरांकडे.

"आता?"

"नाही."

"आता?"

"चढला! चढला!" मास्तर जागचे उठलेच.

वारा लागत होता त्या बारक्याशा ट्रान्झिस्टरला मावशीने स्पिरिटचा बोळा लावला. तो गार झाला तसा सूर मुकाट्याने खाली आला.

"हा तापला की त्याच्यातून जास्त वीज वाहते," ती म्हणाली. "त्याला आवरायला जोडीदार दिलेला आहे. दोघं सारखे तापले तर एकाची चूक दुसरा सांभाळून घेतो. पण हा बसलाय ट्रान्सफॉर्मरच्या कुशीत, भाजून निघतोय, आणि तो तिकडे गारव्याला. कसं जमायचं?"

तिने अगदी सारख्या गुणाचे दोन नवे ट्रान्झिस्टर निवडले, पाठीला पाठ चिकटवले आणि उष्णतेपासून दूर बसवले. संध्याकाळचा वर्ग संपेपर्यंत ती मुद्दाम थांबली. सूर हलला नाही. मास्तरांनी पोरींकडून शेवटचं गाणं पुन्हा म्हणवून घेतलं.

नंतर मास्तरांचा माइक बिघडला. मग रेडिओ. मग भिंतीवरचं घड्याळ. माझी आई म्हणाली, "ताई, त्या घरात वस्तू बिघडतात, की कुणी बिघडवतं?"

मावशीने घड्याळ उघडलं. आत सेलच नव्हता. तिने मास्तरांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी खिशातून सेल काढून टेबलावर ठेवला.

"रेडिओचं काय?" तिने विचारलं.

"तो खरंच बिघडला होता. देवाशप्पथ."

"उद्यापासून काही मोडू नका. नुसतं या."

लग्न साधेपणाने झालं. मावशीने पत्र्याखाली आधी जाड छत घालून घेतलं, "यंत्रांसाठी हो," असं सगळ्यांना बजावत. आता दुपारी दोघं पंखा लावून तिथेच पडतात. मास्तर घोरतात आणि डोळ्याला डोळा लागू देत नाहीत, अशी तिची आईकडे कायमची तक्रार असते. पण तक्रार करताना तिचा चेहरा बघावा.