हवालदारांची भरलेली बाटली

मुलांनो, साकेच्या कॉकटेलचा फोटो तुम्ही पाठवलात, म्हणून आमच्या साताऱ्यातल्या शेजारच्या हवालदारांविषयी लिहिते. ब्रह्मदेशच्या लढाईतून त्यांनी जपानी साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली आणली होती. रोज ते उसाच्या रसात आलं, लिंबू आणि चमचाभर साके घालत. मग लगेच तेवढंच पाणी बाटलीत भरत.

“आवं वयनी, आष्ट्याचा दोस्त लढाईत बेपत्ता झालाय. त्यो आला की भरलेली बाटली म्होरं ठेवायचीय,” ते म्हणत.

वर्षभरानं दोस्त कुबडी टेकत आला. तोवर बाटलीत नुसतं पाणी उरलं होतं. हवालदारांनी त्यातलंच चमचाभर पेल्यात ओतलं. दोस्तानं घोट घेऊन डोळे मिटले.

“लय कडक हाय, गड्या!”

मग त्यानंच तांब्यातलं चमचाभर पाणी बाटलीत भरलं.

हवालदारांनी पुढं मला दिलेली ती बाटली आज माझ्या कपाटात आहे, काठोकाठ भरलेली.