दादाचा हत्ती

"हात धुतलेस?"

आमच्या दादाने मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. जेवणाआधी नव्हे हं. जेवायला तो स्वतः कारखान्यातून आल्या आल्या तसाच बसायचा. हा प्रश्न कॉमिक्स वाचण्याआधीचा. हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे, मग थोडा वेळ वाऱ्यावर सुकवायचे, आणि त्यानंतर दादा दोन्ही तळवे उलटसुलट करून बघायचा. पास झालात तर कॉमिक मिळायचं. तेही मांडीवर ठेवून वाचायचं, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं आणि वाचताना तोंडात काही घालायचं नाही. एकदा गावाहून आलेले एक काका बोटाला थुंकी लावून पान उलटायला गेले, तेव्हा दादा असा ओरडला की शेजारच्या खोलीतून दोन माणसं धावत आली. दादा आता नाही. पण अजूनही कुठलं पुस्तक हातात घेण्याआधी मी नळ शोधते आणि लोक माझ्याकडे बघत राहतात.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मुलुंडला, स्टेशनच्या पश्चिमेला, चाळीतल्या दोन खोल्यांत दादा आणि आई राहायची. बाबा गिरणी बंद पडल्यावर मालवणला गेले आणि तिकडेच रमले. मी लग्न करून पूल ओलांडून पूर्वेला गेले, त्यामुळे मी सासरी गेले असं कुणाला वाटलंच नाही. दादा औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. हे खातं त्याला नशिबाने मिळालं की त्याने मागून घेतलं, देव जाणे. त्याचा प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पिशव्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंकेत मूठभर डांबरगोळ्या. त्यामुळे उडणारे, अदृश्य होणारे, एका हाताने आगगाडी थांबवणारे असे जगातले जेवढे म्हणून वीर होते, त्या सगळ्यांना आमच्या घरी डांबरगोळीचा वास यायचा. पस्तिशीला टेकलेला बाप्या कॉमिक्स वाचतो म्हणजे डोक्यात काहीतरी कमी आहे, असंच तेव्हा लोक धरून चालत. आई तर येईल त्याला सांगायची, "ह्याच्या पेटयेत सगळे उडणारे बापये, आणि घरात सून काय येणा नाय!"

प्रत्येक अंकाच्या शेवटी एक कोड्यांचं पान असायचं. चित्र रंगवा, फरक शोधा, आकड्यांप्रमाणे ठिपके जोडा. दादाच्या ट्रंकेतलं एकही चित्र रंगवलेलं नव्हतं, एकही ठिपका जोडलेला नव्हता. "एकदा पेन्सिल लागली की अंक मेला," असं त्याचं म्हणणं. पण म्हणून कोडी सोडून द्यायची? छे! तो कागदाच्या वर अधांतरी बोट धरून ठिपक्यांवरून फिरवायचा आणि निकाल जाहीर करायचा. "जहाज." "मोर." त्याचा सर्वांत लाडका अंक त्याने फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या मागे लागून मिळवला होता. त्यातल्या ठिपक्यांत हत्ती होता. "ही सोंड, ही पाठ, हे शेपूट," असं तो बोट फिरवत दाखवायचा आणि आम्ही माना डोलवायचो. माझा नवरा पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्यालाही हात धुवायला लावून हा हत्ती दाखवला गेला. त्या बिचाऱ्याने सासुरवाडीचा मान राखला आणि "वा, झकास हत्ती," म्हणाला.

पुढे स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं. अंधाऱ्या गाळ्यात चार मशिनं, त्यांचे टुंइटुंइ आवाज आणि शाळा बुडवून आलेली पोरं. दादा रोज संध्याकाळी तिथे हजर. पण खेळायला नव्हे, खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायला. "डावीकडे घे, डावीकडे! अरे, गोळी मार ना! झालं, वाट लागली." शत्रूचं कुठलं यान कुठून येणार ते त्याला तोंडपाठ होतं. पोरं वैतागायची. "अंकल, तुम खेलो ना यार!" तर हा रुमालाने कपाळ पुसत म्हणायचा, "नको रे बाबा. त्या दांड्याला तुमचे सगळ्यांचे वडापावचे हात."

अशा माणसाचं लग्न जमवायचं काम आईने माझ्या गळ्यात टाकलं. मुलगी बघायला गेलो की पोहे व्हायचे, मग कुणीतरी वडीलधारं म्हणायचं, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." दादा विचारायचा काही नाही. शबनम पिशवीतून प्लॅस्टिकमधलं कॉमिक काढायचा आणि मुलीच्या हातात द्यायचा. "वाचून द्या. घाई नाही." मुलगी गोंधळायची, मुलीचा बाप माझ्याकडे बघायचा आणि मी छताकडे. आठवड्याने ते कॉमिक परत आणायला पुन्हा मीच. मग दादा ट्यूबलाइटखाली बसून तपासणी करायचा. कोपरे बघायचा, पिना बघायचा, दुमड बघायचा.

बोरिवलीच्या मुलीकडून आलेल्या अंकावर हळदीचा अंगठा उमटला होता. नकार. अंधेरीच्या मुलीला एक पान फाटायला आलेलं दिसलं, तर तिने बिचारीने आपणहून सेलोटेप लावून दिली. घरात कुणी गेल्यासारखा दादा बसून राहिला. "सेलोटेप गं! सेलोटेप!" तिसरी मुलगी हुशार निघाली. तिच्याकडून अंक जसा गेला तस्साच परत आला. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. तर हा म्हणतो कसा, "हिने वाचलाच नाही. उघडलासुद्धा नाही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "हात लावला तर डाग पडतो, नाही लावला तर तुझा अपमान होतो. तुला नक्की हवंय तरी काय? बायको नको शोधूस, काचेचं कपाट शोध!"

"बघितलं मी कपाट," दादा शांतपणे म्हणाला. "फार महाग आहे."

आईने मग एक दिवस ट्रंकेवरच बैठक मारली आणि निकाल दिला. "झिला, चेडू बघूक जातंस की लायब्ररी काढूक? आता ह्यां घाटकोपरचा स्थळ शेवटचा. ह्यांव मोडलंस तर ही पेटी रद्दीत गेली म्हणान समज." आई बोलते ते करते, हे आम्हां दोघांना पक्कं ठाऊक होतं. बाबांचा तंबाखूचा डबा तिने असाच एकदा विहिरीत टाकला होता. दादाचा चेहरा पार उतरला. लग्न नाही झालं तरी चालेल, असं तो वरवर म्हणायचा खरा. पण रविवारी मी माझ्या घरी जायला निघाले की जिन्यापर्यंत सोबत यायचा आणि उगाचच विचारायचा, "अजून एक वाचतेस का?" त्या वेळी मला त्याची फार माया यायची.

घाटकोपरची मुलगी म्हणजे शालिनी. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. उंच, सावळी आणि बोलायला मोकळी. पोहे झाले आणि दादाने पिशवीत हात घालून काढला तो चक्क हत्तीचा अंक. बाहेर पडल्यावर मी विचारलं, "अरे, हाच कशाला दिलास? दुसरे नव्हते?"

"परीक्षा घ्यायची तर खरी घेऊ दे," तो म्हणाला. म्हटलं, गेला हा माणूस कामातून. बायकोही गेली आणि पेटीही.

पुढच्या रविवारी मी आईकडे बसले होते, तर दारात शालिनी. एकटी! त्या काळी मुलीने असं आपण होऊन मुलाच्या घरी यायचं म्हणजे काय? आईने आधी पदर सावरला, मग दाराबाहेर डोकावून चाळीतलं कोण कोण बघतंय ते बघून घेतलं.

"अंक द्यायला आले," शालिनी म्हणाली. "तुमच्या बहिणीला कशाला उगाच हेलपाटा."

दादाने अंक पिशवीतून काढला. कोपरे बघितले, पिना बघितल्या. सगळं ठीक होतं. मग त्याने शेवटचं पान उघडलं आणि तो थिजलाच. ठिपके जोडलेले होते, निळ्या पेन्सिलने. आत लाल रंग भरला होता. ऑफिसात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असते ना, तिची ही करामत. मी डोळे मिटून घेतले. आईने ट्रंकेकडे बघितलं.

"हे काय आहे?" दादाच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"झारी," शालिनी म्हणाली.

"हत्ती आहे तो."

"नाही हो, झारी आहे. झाडांना पाणी घालायची. ही सोंड वाटते ना, ती तोटी आहे. आणि हे शेपूट नाही, मूठ आहे."

"दहा वर्षं हत्ती आहे तो!"

"कधी जोडून बघितला होतात?"

"नाही."

"मग?"

दादा त्या पानाकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, आता ही बाई रडत घरी जाणार. ती मात्र आरामात टेकून चहाची वाट बघत होती. शेवटी दादा उठला. त्याने ट्रंक उघडली, घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. तळातून एक अंक काढून त्याने तिच्यापुढे धरला.

"हे मला विमान वाटतं," तो म्हणाला. "पेन्सिल आणलीय का तुम्ही?"

शालिनीने पर्स उघडली. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ठरला गो!" आणि साखर आणायला आत पळाली. विमान नव्हतंच ते. मासा निघाला.

लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली तीसुद्धा पार्लरात. दादा सवयीप्रमाणे मागे उभा राहून सूचना द्यायला लागला, तर वहिनीने त्याला पुढे ओढलं आणि दांडा त्याच्या हातात दिला. "सांगू नका, खेळा." यानं कुठून येतात ते पाठ असूनही दादा बघता बघता मेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, "अंकल की तो वाट लग गई!" वहिनी हा किस्सा आल्यागेल्याला रंगवून सांगायची आणि दादा दर वेळी म्हणायचा, "दांडाच खराब होता गं तो."

संसारात मग तह झाला. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती घरात यायला लागल्या. एक ट्रंकेतली आणि एक 'हिची'. रविवारी दुपारी वहिनी पेन्सिल घेऊन बसायची. आधी दादाने ओळखायचं, मग तिने जोडायचं. दादा नेहमी हरायचा, कारण काही सुचलं नाही की तो हत्ती म्हणायचा आणि हत्ती कधी निघायचाच नाही. "ह्यांना काहीही दाखवा, हत्तीच दिसतो," वहिनी म्हणायची. "मला बघायला आले तेव्हा काय दिसलं कोण जाणे." दादा म्हणायचा, "बघच तू, एक दिवस निघेल." आमच्या घरात आजही कुणी खात्री न करता एखादी गोष्ट ठासून सांगायला लागलं की बाकीचे म्हणतात, "दादाचा हत्ती आहे तो, आधी जोडून बघ."

त्यांना मूल झालं नाही. त्याचं रडगाणं दोघांनी कधी गायलं नाही. आई गेली, कॉमिक्स छापणारेही एकेक करून बंद झाले. आणि मग एका साध्या दुखण्याचं निमित्त होऊन वहिनी गेली. दादा रडला नाही. माणसं भेटायला यायची, हा ट्रंकेवर बसून त्यांनाच चहा विचारायचा. स्मशानातून आल्यावरसुद्धा त्याने माझ्या पोरांना "जेवलात का रे?" म्हणून विचारलं. हा असाच कोरडा राहिला तर आतून मोडेल, अशी मला भीती वाटायला लागली.

काही दिवसांनी मी गेले, तर दारातच प्रश्न. "हात धुतलेस?"

मला हसू आलं आणि जरा धीरही आला. हात धुऊन आले, सुकवले, तळवे दाखवले. स्टुलावर एक अंक ठेवलेला होता. 'हिच्या' प्रतींतला, जोडायचा राहून गेलेला. बाजूला लाल-निळ्या पेन्सिलीचं थोटूक.

"जोड," दादा म्हणाला.

"तू जोड की रे."

"मी जोडला तर हत्तीच होईल त्याचा."

मी जोडायला बसले. दादा माझ्या मागे उभा राहिला, पार्लरात राहायचा तसाच, पण सूचना एकही नाही. पाठ झाली, पाय झाले. मग रेघ पुढे येऊन खाली वळली आणि मी थांबले. आकडे पुन्हा तपासले. कुठे चुकले नव्हते.

"दादा, हत्ती आहे रे."

"चल, उगाच माझी समजूत घालू नकोस."

"अरे, खरंच! हे बघ ना, सुळेसुद्धा आहेत."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत बोट फिरवत गेला, या वेळी कागदाला टेकवून. "सांगत होतो की नाही मी हिला?" तो म्हणाला. "एक दिवस निघेल म्हणून सांगत होतो की नाही? थांबली नाही गं बघायला." आणि दादा रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडले. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पानावर टपटप पडायला लागलं, तसा मी तो अंक झटकन बाजूला ओढला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

दादाने तो माझ्या हातून परत घेतला आणि आपल्या मांडीवर उघडा ठेवला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "पडू दे डाग."